तीन किलोंची तालीम

पैलवानानं आयुष्यात कधी आखाडा पाहिला नव्हता. वीस वर्षं पावाचं पीठ मळून त्याचे दंड असे झाले होते की गल्लीनं ते नाव परस्पर ठेवून टाकलं. अशा माणसानं बायकोचा आठवा महिना सरता सरता जाहीर केलं की बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत तो त्याला हात लावणार नाही.

प्रसूतिगृहातल्या वर्गात परिचारिकेनं प्रत्येक होणाऱ्या बापाच्या हातात एक कापडी बाहुली दिली होती. बाकीचे बाप बाहुल्या जोजवत होते. पैलवानाचे अंगठे मात्र आपोआप कामाला लागले आणि दोन मिनिटांत बाहुलीचे हातपाय पोटात दुमडून त्यानं तिचा गोळा केला. परिचारिकेनं तो मुकाट्यानं सोडवून घेतला. तेच त्याला लागलं.

बायको चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. अर्ध्या मिलिमीटरची चूक तिला खपत नसे. नवऱ्याची घोषणा तिनं आधी हसण्यावारी नेली. पण मूल पायाळू, डोकं वर आणि पाय खाली असं असल्यामुळे शस्त्रक्रियेसाठी पुढच्या आठवड्यातला गुरुवार ठरला, आणि टाके घालून तिला खोलीत आणेपर्यंत बाळ तासभर बापाकडे राहील असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा तिचं हसू मावळलं.

"दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नाही," ती म्हणाली. "तो तास तुझा."

बेकरीत त्याच्या जोडीला थोरली बहीण होती. ताईनं तीन मुलं वाढवली होती, त्यामुळे तिच्याकडे सगळ्यावर उपाय असायचा. तीन किलो पिठाचा गोळा टॉवेलात गुंडाळ आणि तासभर नुसता धरून बस, असं तिनं फर्मावलं. मंगळवारी दुपारी, पाव भट्टीतून निघाल्यावर, तालीम सुरू झाली. बायको खुर्चीत, हातात घड्याळ. ताई पोत्यावर बसून गोळ्याचं नाक कुणावर गेलंय ते ठरवत होती.

वीस मिनिटं पैलवान हलला नाही. मग टॉवेल हळूहळू तट्ट व्हायला लागला. सवयीनं त्यानं पिठात यीस्ट घातलं होतं, आणि भट्टीची ऊब काही गेली नव्हती.

"वाढ चांगली आहे," बायको गंभीरपणे म्हणाली.

गोळ्यानं टॉवेलातून डोकं वर काढलं. फुगलेल्या पिठाचं काय करायचं हे पैलवानाच्या हाताला विचारावं लागत नसे. मूठ उठली आणि बदकन खाली आली. फुस्स झालं.

"अरे, नाव तरी ठेवू द्यायचंस आधी," म्हणत ताई पोत्यावरच आडवी झाली. बायकोच्याही डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

पैलवान हसला नाही. गोळा टेबलावर ठेवून त्यानं हात पुसले. "बघितलंस ना? तुझ्या आईला बोलावून घे."

त्याचा हात धरून बायकोनं आपल्या पोटावर ठेवला, उजव्या बरगडीच्या जरा खाली. तिथेही त्याच्या बोटानं जातीवर जाऊन हलकेच दाबून पाहिलं, पीठ फुगून आलंय की नाही ते पाहतात तसं. पण आत गोल, टणक असं काहीतरी होतं. ते किंचित बाजूला सरकलं आणि परत येऊन बोटाला टेकलं.

"हे काय?"

"डोकं."

त्याचा तळवा तिथेच पसरला. ताई पोत्यावर उठून बसली. बायको एकदा घड्याळाकडे, एकदा त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. अंगठा जागचा हलत नव्हता.

"किती वेळ झाला?" बऱ्याच वेळानं त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"सव्वीस मिनिटं."

"हात अवघडलाय."

"मग काढ."

"नको," तो म्हणाला. "आत्ताच टेकलंय ते."