अकराव्या मिनिटाला मेलेली

"तुझी आई फार देखणी मेली गं," ड्वेन म्हणाला. हे सांत्वन होतं.

पिट्सबर्गच्या एका हॉटेलात दरवर्षी जुन्या भयपटांच्या चाहत्यांचा मेळावा भरतो. तो ड्वेन भरवतो. वर्षभरात वारलेल्या कलाकारांना श्रद्धांजली म्हणून त्यांच्याच खुनाचं दृश्य पडद्यावर दाखवायचं, असा इथला रिवाज. अशाच एका भयपटात काम केलेली माझी आई, लॉर्ना, सहा आठवड्यांपूर्वी गेली.

"खून नको," मी म्हणाले. "त्याआधी ती चार मिनिटं बोलते, ते दाखवा."

"बोलताना कोण ओळखणार तिला? अकराव्या मिनिटाला मरते ती, म्हणून तर लॉर्ना! बिअर प्यायली, पोराबरोबर तंबूत गेली, मेली. मोरीन नाही म्हणाली, वाचली. नियमच आहे तो."

त्याच चित्रपटात वाचलेली मोरीन सह्या द्यायला मधल्या टेबलाशी बसते. पडद्यावर मेलेल्या मुली भिंतीला, स्वच्छतागृहाशेजारी. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबून आई इथे यायची आणि स्वतःच्या प्रेताच्या फोटोंवर सह्या करायची. या लोकांना नुसता चाकू पुरत नाही. मुलगी त्याच लायकीची होती, हेही ऐकायचं असतं. लग्नाआधी मी झाले तेव्हा आमच्या चर्चनंही आईला हाच न्याय लावला होता. तिथे तिकीट नव्हतं, एवढंच.

"तीन नवरे सोडले मी," मोरीन माझ्या कानाशी म्हणाली. "लॉर्ना तर साधी सिगारेट ओढायची नाही. तिचे केस सोनेरी, माझे काळे. तेवढ्यावर ठरलं बघ, कोण मरणार ते."

"मग सांगा ना यांना."

"यांना? अगं, दरवर्षी कुणीतरी विचारतं, अजून कुमारीच का म्हणून. सत्तरीला आले मी!"

दिवे मंद झाले. ड्वेननं खूनच लावला. चाकू बसला तशा टाळ्या पडल्या. मग गवतावर पडलेलं प्रेत दिसलं आणि सभागृह ओरडू लागलं, "श्वास घेतेय! बघा, बघा, मेलेली श्वास घेतेय!"

चित्रीकरणातली जुनी चूक. यांचा दरवर्षीचा हशा. मी ती कधीच पाहिली नव्हती. तिथवर यायच्या आत आई टीव्ही बंद करायची.

"जरा खाली बसा," मी पुढच्या माणसाला म्हणाले.

आईचं पोट हललं. वर, खाली. पुन्हा वर, खाली. तिसऱ्यांदा वर आलं आणि दृश्य बदललं.