गादी, इलॅस्टिक आणि परत गेलेलं टेबल

कुणाचे उपकार न घेता मास्तरांनी ती गादी घरी आणली असती, तर त्यांच्या पदरात काय काय पडलं असतं ते आधी पाहू. एक तर मास्तरीणबाई चार वाजता इस्पितळातून घरी येणार होत्या, त्यांना पाठ टेकायला सपाट जागा मिळाली असती. दुसरं, "सगळं मी एकट्याने केलं" हे वाक्य पुढची निदान पाच वर्षं चहाबरोबर वापरता आलं असतं. आणि तिसरी गोष्ट ते कुणाजवळ बोलले नसते, पण त्यांचा खरा डोळा तिच्यावरच होता. बायकोच्या माहेरचं आपल्या अंगावर काही नाही, हा त्यांचा चौतीस वर्षांचा विक्रम शाबूत राहिला असता.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. त्यांनी शिवलेल्या पँटची शिवण उसवलेली कुणी पाहिली नव्हती आणि त्यांनी कुणाकडे काही मागितलेलंही कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या गोष्टीचं गिऱ्हाईक कौतुक करी. दुसरीचा ताप मास्तरीणबाईंना होई.

बाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की घरी गेल्यावर पहिल्या रात्रीपासून कडक, सपाट गादी हवी, खड्ड्यात झोपायचं नाही. मास्तरांच्या घरातल्या जुन्या गादीला दोन खड्डे होते, एक त्यांचा, एक बाईंचा, आणि मधे इतका उंच बांध की एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला पत्ता लागत नसे. नवी गादी पंधरा दिवसांपूर्वीच सांगून ठेवली होती. ती दुकानात उगवली नेमकी बाईंना घरी सोडण्याच्या दिवशी सकाळी. दुकानदार म्हणाला, गादी आली आहे पण आमची गाडी गुरुवारी. म्हणजे तीन दिवसांनी. मास्तरांनी ओळखीचे चार टेम्पोवाले धुंडाळले. एक गावाला, एक गॅरेजात, एकाने फोन उचलला नाही आणि एकाने उचलून ठेवून दिला.

मग उरला मेहुणा.

बाईंच्या या धाकट्या भावाची रोपांची नर्सरी होती आणि एक पिकअप होती. ती तो इतकी हळू चालवी की घरातले त्याला सावकाशराव म्हणत. मास्तरांच्या लेकीच्या लग्नात अक्षता पडल्यावर हा फुलझाडं घेऊन पोचला होता. हसरा, अबोल, कुणाच्या अध्यात नाही. तरी त्याला फोन लावायला मास्तरांनी अर्धा तास घेतला. फोन हातात, बोट वर, आणि बोट काही खाली येईना.

याला कारण एक टेबल होतं.

शिवणाचं हातकाम, म्हणजे काज, बटणं आणि तुरपाई, बाई करत. जमिनीवर चटई टाकून, मान आणि पाठ वाकवून, रोज. दहा वर्षांपूर्वी सावकाशराव याच पिकअपमधून एक टेबल आणि एक खुर्ची घेऊन आला होता. ताईने बसून काम करावं, एवढंच म्हणाला. मास्तर म्हणाले, आमच्याकडे जागा नाही. जागा होती. टेबल मावलं असतं, मेहुण्याचा उपकार मावत नव्हता. त्याने टेबल परत गाडीत चढवलं आणि नेलं. बाई चटईवर बसल्या आणि उरलेली तुरपाई पुरी केली.

तेव्हा आज फोन लावणं म्हणजे काय होतं, हे मास्तरांच्या बोटाला बरोबर कळत होतं.

सावकाशराव मात्र एका वाक्यात तयार झाला. गाडीत गुलाबाची चाळीस रोपं भरलेली होती, कुठल्याशा नव्या इमारतीच्या आवारात लावायची. ती त्याने सरळ गादीच्या दुकानासमोर उतरवली आणि तिथल्या राखणदाराला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. राखणदाराने आजवर उशा-गाद्या राखल्या होत्या, गुलाब पहिल्यांदाच. तो खुशीत दिसला.

गादी सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब, वर जाड प्लॅस्टिकचं आवरण. पिकअपचा हौदा पाच फूट रुंद. गादी आत बसेना, ती दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर टेकून राहिली आणि खाली पोकळी उरली. सावकाशरावने गाडीतून सहा फळ्या ओढल्या. एरवी तो त्यांवर रोपांचे दोन मजले करी. फळ्या कठड्यांवर आडव्या टाकू, वर गादी, वरून पट्टे आवळू, असं त्याचं म्हणणं. फळ्यांना वाळलेली माती होती. मास्तरांनी नाक वर केलं. नव्या गादीला माती नको. आणि पट्टे तर मुळीच नकोत, ते गादीत रुततील, कायमचा चर पडेल, मग जुन्या गादीने काय घोडं मारलं होतं?

खरी गोष्ट निराळीच होती. गाडी मेहुण्याची, पेट्रोल मेहुण्याचं, दुपार मेहुण्याची. निदान बांधणं तरी आपलं असावं, म्हणजे उपकार अर्ध्यावर येईल, असा मास्तरांचा हिशेब होता. त्यासाठी ते तयारीने आले होते. त्यांनी पिशवीतून काळ्या इलॅस्टिकचं अख्खं बंडल काढलं. पँटच्या कमरेला घालतात ते, दीड इंची, नवं कोरं. चार पदरी करून त्यांनी गादीवरून पाच फेरे घातले आणि अशा गाठी मारल्या की बघत राहावं. दोरी कापते, पट्टा रुततो, इलॅस्टिक मात्र माणसासारखं धरून ठेवतं, असंही ऐकवलं. चौतीस वर्षं लोकांची पोटं त्यांनी याच इलॅस्टिकवर तोलून धरली होती. गादीचं ते काय?

सावकाशरावने एक फेरा बोटाने ओढला. तो हातभर वर आला आणि टपकन जागेवर बसला.

"दाजी, हे ताणतंय."

"ताणावंच लागतं. म्हणून तर तुटत नाही."

मग मास्तरांनी आणखी एक तोड सुचवली, मी स्वतः वर बसतो, माझं वजन आहे. इथे मात्र सावकाशराव पहिल्यांदा ठाम झाला.

"वर बसणार असाल तर गाडी इथून हलणार नाही. गादी उडाली तर दुसरी मिळेल. ताईला दुसरा नवरा कुठून आणू मी, या वयात?"

मास्तर निमूट पुढे बसले. नऊ किलोमीटर जायचं होतं आणि दोन वाजले होते. सावकाशरावने एकच अट घातली. मोठ्या पुलावर चढण्याआधी थांबून तो गाठी तपासणार.

ती वेळ आलीच नाही. पुलाच्या अलीकडच्या वळणावर समोरून एक बस गेली, तिच्यामागून वाऱ्याचा लोट आला आणि गाडीच्या टपावर काहीतरी थाडकन आपटलं. मास्तरांनी खिडकीतून मान काढून पाहिलं. गादीची पुढची कड उठली होती. खालच्या पोकळीत वारा शिरत होता, गादी जबडा उघडल्यासारखी दोन हात वर जात होती, आणि इलॅस्टिक तिला प्रेमाने खाली आणून पुन्हा वर सोडत होतं. एकही गाठ सुटलेली नव्हती. तोच तर घोटाळा होता. गाठी घट्ट होत्या आणि गादी मोकळी.

मागून हॉर्नचा सपाटा सुरू झाला. सावकाशरावने ब्रेक दाबला नाही. नुसता पाय उचलला, गाडी आपोआप मंदावू दिली आणि कडेला घेतली. ज्या सावकाशपणाला घरात तीस वर्षं हसले, त्याने त्या मिनिटाला गादी रस्त्यावर जाऊ दिली नाही. करकचून ब्रेक लागता तर ती उसळून बाहेर पडली असती. आता ती एका बाजूला घसरून अर्धी लोंबत होती आणि हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या कडीत अडकून तिचं प्लॅस्टिक वीतभर फाटलं होतं.

हॉर्न वाजवणारी एक मोटरसायकलवाली पोरगी होती. डोक्यावर हेल्मेट, पाठीला ऑफिसची बॅग. गादी सुटली असती तर थेट तिच्याच अंगावर जाती. ती ओरडेल म्हणून मास्तरांनी खांदे आत घेतले. तिने हेल्मेट काढलं, श्वास घेतला आणि म्हणाली, "काका, गादी मला कधीची हात करतेय. म्हटलं विचारावं, काय काम आहे."

मास्तर कठड्याला धरून उभे राहिले. घड्याळात अडीच. त्यांनी पहिल्यांदाच, खाली मान घालून विचारलं, "आता कसं करायचं?"

"तीनला पुन्हा रस्त्याला लागू," सावकाशराव म्हणाला. "तुम्ही फाटलेलं शिवा. तुमच्यासारखं मला जमणार नाही."

हे वाक्य त्याने मुद्दाम म्हटलं की सहज, कोण जाणे. पण मास्तरांच्या हातात जीव आला. त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरआड कायम एक सुई दोऱ्यासकट टोचलेली असे. प्लॅस्टिक सरळ शिवलं तर भोकाभोकाने फाटत जातं. म्हणून त्यांनी दोन्ही कडा एकत्र दुमडल्या आणि त्या चौपदरी दुमडीवर लांब लांब कच्चे टाके घातले. तोवर पोरीने आपली मोटरसायकल गाडीच्या मागे दहा पावलांवर उभी केली, दिवे लुकलुकते ठेवले आणि गादीची लोंबती कड दोन्ही हातांनी धरून राहिली. ऑफिसात उशीर होईल असं मास्तर दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा ती म्हणाली, तिथे रोजच जाते.

मग त्या माती लागलेल्या फळ्यांतल्या चार कठड्यांवर आडव्या पडल्या आणि पोकळी बंद झाली. गादी केबिनला भिडवून घट्ट सरकवली, म्हणजे पुढून वारा शिरायला फट नाही. तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेवर प्रत्येकी एक फळी ठेवली आणि पट्टे त्या फळ्यांवरून घेतले. भार फळीवर, गादीला चर नाही. गादीच्या मधून आणखी दोन पट्टे एकमेकांवर फुलीसारखे आले, खाली पुठ्ठा. पट्ट्याचा लोखंडी खटका ओढला की पट्टा दातादाताने आवळत जाई. प्रत्येक पट्ट्याला सावकाशरावने एक पीळ दिला. मास्तरांनी कारण विचारलं. सरळ पट्टा वाऱ्यात थरथरतो, हळूहळू सैल होतो, पीळ दिलेला गप्प बसतो. मास्तरांनी मान डोलावली. चौतीस वर्षांत या माणसाकडून काही शिकण्यासारखं असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. गादी मागे हातभर बाहेर राहत होती, तिथे मागच्या गाड्यांना दिसावं म्हणून त्यांनी खिशातलं लाल अस्तराचं चिंधुक टाचलं.

शेवटी सावकाशरावने गादीचा एक कोपरा धरून गदागदा हलवला. गाडी हलली, गादी नाही.

पोरगी हेल्मेट घालून निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे मास्तरांनी ही हकीकत ज्याला ज्याला सांगितली, त्याला त्याला तिच्याबद्दल आधी सांगितलं.

पुलावर वारा होता. मग मास्तर समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या टेबलाबद्दल तू मला कधी एका शब्दाने बोलला नाहीस."

"बोलून काय, दाजी? तुम्ही आणखी ताणलं असतं."

साडेतीनला गादी दारात आली. जिन्यातून उभी करून, एका कडेवर पेलत वर नेली. वळणावर मास्तरांचा दम गेला तेव्हा खालचा सगळा भार सावकाशरावने छातीवर घेतला. जुनी गादी गच्चीवर गेली. नवीवर चादर अंथरून होते न होते तोच लेकीचा फोन आला की आम्ही कोपऱ्यावर आहोत.

मास्तरीणबाईंना लेकीने आणि भावाने अलगद आडवं केलं. त्यांनी डोळे मिटले. पाठ हळूहळू टेकली, मग खांदे, मग मान. खूप वेळाने त्या म्हणाल्या, "किती सपाट आहे हो. कुणी आणली?"

मास्तरांचं ते पाच वर्षं पुरणारं वाक्य तोंडाशी तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"तुझ्या भावाने आणली. मी रस्त्यात पाडायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण त्याने काही पाडू दिली नाही."

बाई हसल्या आणि लगेच कळवळल्या. टाके ओले होते, हसायला मनाई होती. सावकाशराव चाळीस रोपांसाठी उठला. दारापर्यंत मास्तर त्याच्याबरोबर गेले, चपला घालेपर्यंत घुटमळले आणि म्हणाले, "ते टेबल आहे का रे अजून?"

"आहे की. कुंड्या ठेवतो त्यावर."

"मला हवंय. म्हणजे... देशील का? हिला आता वाकायचं नाही. हातकाम मीच करीन, बसून." मग थोडं थांबून, "आणि आज तू होतास म्हणून झालं."

सावकाशरावने नुसती मान डोलावली. मास्तरांच्या तोंडून असलं वाक्य तो पहिल्यांदाच ऐकत होता. टेबल दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. वर कुंड्यांचे गोल डाग होते. मास्तरांनी ते पुसले नाहीत.

आता या गादीच्या हिशेबात कोणी काय भरलं ते सांगून टाकू. अनोळखी पोरीने ऑफिसातला अर्धा तास भरला आणि मागे वळूनही पाहिलं नाही. मेहुण्याने एक दुपार भरली. राखणदाराने कुणी न सांगता चाळीस रोपांना पाणी घातलं. मास्तरांनी इलॅस्टिकचं एक बंडल आणि चौतीस वर्षांचा विक्रम भरला, आणि तेवढ्यावर सुटले. बाकीचं, म्हणजे टेबल परत पाठवल्याचं, बाईंनी आधीच भरून टाकलं होतं, चटईवर बसून, दहा वर्षं, रोज थोडं थोडं.