समुद्र कुठे पळून जात नाही

मी फळी आहे, सर्फिंगची. अंगाने सडपातळ, टोकाला अणकुचीदार आणि स्वभावाने उतावीळ. मला एका जागी उभं राहणं जमत नाही आणि माझं निम्मं आयुष्य भिंतीला टेकून गेलंय. तेव्हा ऐकायचं असेल तर पटकन ऐका.

दूरदेशी एका माणसाने मला फोमच्या ठोकळ्यातून तासलं. एक पाहुणा मला घानातल्या या कोळीवाड्यात घेऊन आला, महिनाभर लाटांवर मनसोक्त पळवलं आणि जाताना सामान जड होतं म्हणून फीफीच्या खोपट्यात ठेवून गेला. फीफी फळ्या भाड्याने देतो, विकतोही. तिथे नुसते लाटांचे आवाज ऐकून माझा जीव कासावीस व्हायचा.

मग आराबा आली. आमच्याकडे मंगळवारी जन्मलेल्या मुलीला आराबा म्हणतात. मंगळवार हा समुद्राच्या विसाव्याचा दिवस, त्या दिवशी मासेमारी बंद. सगळ्या होड्या वाळूवर, सगळे पुरुष जाळी सांधत बसलेले आणि समोर मोकळ्या पाण्यात आराबा एका जाडजूड निळ्या फळीवर शिकायची. त्या फळीला सगळे हसून परात म्हणायचे. आता तिला स्वतःची, दुसरी फळी हवी होती.

"ही हिरवी घे," फीफी म्हणाला. "परातीपेक्षा आखूड, पण पोट आहे तिला. लाट आळशी असली तरी उचलेल तुला."

"आणि ही?" तिने माझ्यावरून हात फिरवला.

"ती चांगलीच आहे गं. पण तिच्यावर झटकन उभं राहावं लागतं. तू अजून आधी गुडघे टेकतेस."

"फीफीदादा, हिरवी म्हणजे परातीची धाकटी बहीण! पुरे झालं लोकांचं हसणं."

"बरं बाई. रविवारपर्यंत बदलून देईन. पण डाग नको, रंग नको."

मी नाचायचीच बाकी होते!

आराबाच्या घरात मामाचा शब्द शेवटचा. बेंट्सिलमामा होडीवाला. समुद्र पोट भरायला असतो, पोरींच्या खेळाला नाही, असं तो इतकी वर्षं बजावत आलेला. त्या संध्याकाळी त्याने मला उलटसुलट करून पाहिलं. मग होडी रंगवायचा कुंचला घेऊन आला. इथे प्रत्येक होडीवर एखादं वचन लिहितात. त्याने माझ्या पोटावर लाल अक्षरांत लिहिलं, 'समुद्र कुठे पळून जात नाही'. नव्या होडीसाठी शिंपडतात तशी वाळूवर थोडी दारू शिंपडली आणि म्हणाला, "आता आपल्या घरात दोन होड्या."

आराबा त्याच्या गळ्यात पडून रडली. फळी बदलून घ्यायची वाट मात्र बंद झाली.

पुढे सगळी फजितीच. आमच्या खाडीतली लाट सुस्त. मी आराबाच्या वजनाने बुडायची, ती उठेपर्यंत लाट निघून जायची, नाहीतर मी उलटायची. जाळीवाले हसून लोळायचे. "आराबा, खाली मासे मोजायला गेली होतीस का गं?" "हळू गं, समुद्र झोपलाय!"

तिने येणंच सोडलं. कधी कान दुखतो, कधी पोट. मी मासे धुरवायच्या भट्टीशेजारी उभी. लाट फुटली की मी थरथरायची, वारा आला की सरकायची. धुराचा मला भारी राग यायचा.

एका मंगळवारी मामा आराबासमोर उभा राहिला. "काय गं, होडी उन्हात वाळत घालायला रंगवली का मी?"

"मामा, माझं चुकलं," ती एका दमात म्हणाली. "हिरवी घ्यायला हवी होती. पण हिच्यावर तुझी अक्षरं आहेत. परत दिली तर तू पुन्हा म्हणशील, समुद्र पोरींचा नाही."

मामा खाली बसला. "वेडे, फळीसाठी कोण लिहितं? मी तुझ्यासाठी लिहिलं. होडी मोडली तरी तिच्यावरचं वचन नव्या होडीवर जातं."

मग मला डोक्यावर घेऊन तो स्वतः फीफीकडे गेला. रंगवलेली फळी घ्यायला फीफी का कू करू लागला. "भाड्याने दे हिला, कमाई तुझी," मामा म्हणाला. "पण विकायची नाही. पोरगी येईल न्यायला." हिरवी आराबाला मिळाली. मामा कुंचला घेऊन तयारच होता, तर ती म्हणाली, "थांब मामा, आधी उभी तर राहू दे."

आणि राहिली की! पुढच्याच मंगळवारी त्या सुस्त लाटेने तिला थेट किनाऱ्यापर्यंत आणलं. जाळीवाले जाळी सोडून उठून उभे राहिले. मामाच्या हातातली जाळी सांधायची सुई तशीच राहिली. माझा जळफळाट झाला, पण डोळेही भरून आले असते, असते तर.

आता मी खोपट्यात टांगलेली असते. कधीमधी एखादा पाहुणा नेतो. दर मंगळवारी आराबा येते, माझ्या पोटावरच्या अक्षरांवर तळवा ठेवते, "अजून नाही" म्हणते आणि हिरवी उचलून पळते.

समुद्र पळून जात नाही, कबूल. माझ्याच पोटावर लिहिलंय. पण आराबा, फळी वयाने पिवळी पडते गं, ठिसूळ होते. जरा लवकर शीक.