गोंदाची निवड

"पाडा परत," मोठे साहेब म्हणाले, आणि मी टॅब परत पाडला.

कंपनीत माझं काम हेच. वस्तू उंचावरून पाडायच्या आणि फुटल्या का ते बघायचं. घरी हे केलं असतं तर बायकोनं जेवायला वाढलं नसतं, इथं त्याचा पगार मिळतो. त्या दिवशी मिटिंगच्या टेबलावर दोन टॅब होते. बाहेरून अगदी जुळी भावंडं. एक गोंदानं चिकटवलेला. दुसरा आमच्या उघडेनं बनवलेला, स्क्रूवाला. स्क्रू खालच्या रबरी पट्टीमागे लपवलेले. कुठला कोणता, ते फक्त पाठीवरच्या लेबलवरून कळायचं.

आणि त्या लेबलांची मी सकाळीच अदलाबदल करून ठेवली होती.

उघडे हे त्याचं आडनाव नव्हे. दिसेल ते उघडून बघतो, म्हणून मीच ठेवलेलं नाव. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोचा हेअर ड्रायर खोलून बसला होता. हे वहिनींनीच मला सांगितलं, तेव्हा खोटं कसं म्हणू?

पण या वेडामागे एक कारण होतं. त्याच्या मेहुण्याचं भंगाराचं दुकान. जुने फोन, टॅब तिथं येतात, मेहुणा छिन्नी-हातोडीनं फोडतो. बॅटरी काचेमागे चिकटवलेली असली की छिन्नी नेमकी तिच्यात घुसते आणि भडका उडतो. असा एक भडका मेहुण्याच्या उजव्या हातावर आला. तो टॅब आमच्याच कंपनीचा होता, आणि डिझाइन उघडेचं.

तेव्हापासून त्यानं एकच धरून ठेवलं. वस्तू बनवतानाच अशी बनवायची, की मेल्यावर ती सुखानं सुटी झाली पाहिजे. स्क्रू सगळे एका मापाचे, बॅटरी नुसती पट्टी ओढली की बाहेर, प्लॅस्टिक एकाच जातीचं, वर रंग नाही. मग तांबं तांब्यात जातं, अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅल्युमिनियममध्ये, आणि कोणाचा हात भाजत नाही. दर वर्षी तो हे मांडायचा. दर वर्षी साहेब म्हणायचे, स्क्रूवाला मजबूत नसतो, पडला की खुळखुळतो. उघडे जागेवर परत यायचा आणि म्हणायचा, अजून पटत नाही त्यांना, सिद्ध करून दाखवायला पाहिजे. मी म्हणायचो, तुझाच एखादा स्क्रू ढिला आहे. तो हसायचा आणि पुढचा नमुना करायला घ्यायचा. तेवढ्यावर माणूस तरतरीत होता.

म्हटलं, चला, आपणच दाखवू सिद्ध करून.

तर साहेबांनी 'गोंद' लिहिलेला टॅब उचलला, हलवला, पिळला, कानाशी नेला. "याला म्हणतात माल," ते म्हणाले. "दगड आहे दगड." विक्रीच्या मॅडमनी दुसरा हातात घेऊन नाक मुरडलं, जरा ठिसूळच वाटतोय म्हणाल्या, स्क्रूचं असंच असतं. मला आतून इतक्या उकळ्या फुटत होत्या की खोकल्याचं सोंग आणावं लागलं. उघडे मान खाली घालून बसला होता. त्यालाही मी काही सांगितलं नव्हतं.

मग मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. साहेबांच्या दगडाची रबरी पट्टी ओढली, आणि चहा निवायच्या आत टॅब टेबलावर सुटा करून ठेवला. काच एकीकडे, बॅटरी एकीकडे.

"लेबलं बदलली होती मी, साहेब."

उघडेनं मान वर केली. एवढा खूश झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मला वाटलं, साहेब भडकतील. ते हसले. माझी पाठ थोपटून म्हणाले, डांबिस आहेस. मग ते सुटे भाग बोटानं सारत उघडेला अगदी मायेनं म्हणाले, "मजबूत आहे रे. मला काय कळत नाही का? पण हा एवढा सहज उघडला, तर लोक बॅटरी बदलून तोच वापरत बसतील. नवा कोण घेणार?"

"पण साहेब, तुम्ही तर म्हणायचात, मजबूत नाही म्हणून," उघडे म्हणाला.

"काहीतरी म्हणावं लागतं बाबा."

मॅडम फोनमध्ये बघायला लागल्या होत्या. साहेब उठता उठता थांबले. नवा गोंद निवडायचाय, ते काम उघडेकडेच द्या म्हणाले. कुठून काय उघडतं, ते याच्याइतकं कोणाला कळतं? टोमणा नव्हता तो. खरंच कौतुक होतं.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता हा मला तरी शिव्या घालेल. तो जिन्यात उभा राहिला आणि म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटायचं, यांना माहीत नाही." बस, एवढंच. सोड ही नोकरी, मी म्हटलं. या वयात कोण घेतंय, म्हणाला, आणि मुलगी अजून शिकतेय.

पुढच्या आठवड्यात तो टेबलावर गोंदाच्या ट्यूबा मांडून बसला. एकेक गोंद लावायचा, वाळू द्यायचा, मग फटीत पातळ पातं घालून उघडायचा. उघडला तो नापास. मी शेजारी बसून उगाच बडबडत होतो. मेहुण्याचा हात कसा आहे, विचारलं. बोटं वळत नाहीत, म्हणाला. हल्ली तिकडे जातोस का? नाही, म्हणाला.

एका टॅबला मात्र फटच सापडेना. त्यानं पातं कडेनं फिरवलं, गरम हवा दिली, उभा राहून अंगाचा भार टाकला. पातं वाकलं. मग त्यानं तो टॅब मांडीवर घेतला आणि नखानं कड चाचपत बसला, चारही बाजूंनी, पुन्हा पुन्हा.

"हा चांगला आहे," तो म्हणाला.

नख अजून कडेवरून फिरतच होतं.