बेडूक-पाय बंद

लेक मान धरायला लागली, तरी तिला उचलून या खोलीतून त्या खोलीत नेणं मला जमत नव्हतं. पाऊल टाकलं की ओटीपोटाच्या पुढच्या हाडात अशी कळ यायची की तोंडून शिवीच निघायची. बाळ रडलं की सासूबाई धावायच्या, पार्सल आणून द्यावं तशी तिला माझ्या मांडीवर ठेवायच्या आणि दूध पिऊन झालं की परत घेऊन जायच्या. मायेनंच करायच्या, पण माझ्या पोटात तुटायचं. लेक आता त्यांच्याच खांद्यावर शांत व्हायची.

फिजिओथेरपिस्ट माझ्याहून लहान आणि चांगलीच फटकळ. "हाड मोडलेलं नाही, ताई. बाळंतपणात सांधा सैल झालाय. आजूबाजूचे स्नायू घट्ट झाले की सावरेल." त्यासाठी करायचं काय, तर गुडघ्यांत उशी धरून दाबायची, कूस बदलताना गुडघे जोडलेले ठेवायचे, सलवार बसून घालायची. मी पोहण्याची प्रशिक्षक. माझ्या शिट्टीवर अर्धं गाव पोहायला शिकलं, आणि मी उश्या दाबत बसू?

मग मी माझंच डोकं चालवलं. पोहायला डॉक्टरांची परवानगी मिळाली होतीच. तलावात उतरले आणि मनसोक्त ब्रेस्टस्ट्रोक मारला. पाय बेडकासारखे फाकवायचे, झटक्यात मिटायचे. पाण्यात अगदी स्वर्ग! बाहेर येताना शिडीवर पाय उचलला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. नवऱ्यानं धरून धरून घरी आणलं. वर विचारतो, "पदक कुठंय?"

फिजिओनं ऐकून कपाळावर हात मारला. "सैल सांधा दोन्हीकडून ओढायला याहून चांगला उपाय सापडला नसता तुम्हाला!"

मला रडूच फुटलं. "मला माझी पोर उचलायचीय हो."

ती खुर्ची ओढून जवळ बसली. "तुमच्याकडे कुणी पहिल्याच दिवशी खोल पाण्यात उडी मारायला निघालं, तर काय कराल?"

"कान धरून कठड्याशी उभं करीन."

"मग धरा कान."

धरला. निमूटपणे उशी दाबू लागले. सासूबाईही शेजारी उशी घेऊन बसायच्या, म्हणे त्यांचेही गुडघे कुरकुरतात. दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. कळ हळूहळू मागे हटली. मग फिजिओनं वाळूची पिशवी छातीशी धरून चालायला लावलं, आणि शेवटी म्हणाली, "आता खरं बाळ घ्या."

परवा दुपारी लेक आतल्या खोलीत रडू लागली. सासूबाई सवयीनं उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "जा तू. पण घाई करू नकोस."

मी दोन्ही पायांवर सारखा भार घेतला, पोट आवळलं आणि तिला उचललं. थोडं दुखलं, नाही असं नाही. स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. पण लेक गप्प होईना. भोकाड पसरून आजीकडेच झेपावत होती. सासूबाईंचे हात पुढे आले, मग त्यांनीच ते पदरात गुंडाळून घेतले. मी वळले. आतली खोली, परत स्वयंपाकघर, परत आतली खोली. कितव्या तरी फेरीत लेकीनं माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि तिचं रडणं थांबलं.

"बस आता, दमशील," सासूबाई कुजबुजल्या.

"थांबा हो," मी म्हटलं, "अजून एक चक्कर."