नागाची पायरी

खटकचिंचोळीच्या शिवारात पाणी दोन तऱ्हेचं होतं. तांबड्या माळावरच्या पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी गोड. त्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजायची. खाली काळ्या रानातल्या विहिरीचं पाणी दिसायला तितकंच नितळ, पण जड. त्यात डाळ घातली तर सरपण संपेल पण दाणा शिजणार नाही, असं बायका म्हणत.

माळावरच्या विहिरीत खालच्या एका पायरीवर नाग कोरलेला होता. उन्हाळ्यात ती पायरी उघडी पडली की त्या दिवसापासून विहिरीवर धुणं बंद, गुरं बंद. प्यायला आणि डाळीला लागेल तेवढंच न्यायचं. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण तो मोडायची छाती कुणाची नव्हती.

काळ्या रानातली विहीर किशनरावांची. तिच्या अंगालाच त्यांनी कापसातून सरकी काढायची गिरणी घातली होती. त्या साली भालकीच्या स्टेशनावर तिच्यासाठी नवा बायलर उतरला. बैलांच्या जोड्या लावून तो ओढत आणला, तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. बायलर म्हणजे तरी काय, एक अवाढव्य बंद हंडा. खाली जाळ, आत पाणी. पाण्याची वाफ होते आणि ती वाफ यंत्र फिरवते. तो सांभाळायचं काम बंडेप्पाचं आणि भट्टीच्या तोंडाशी उभं राहून लाकडं सारायचं काम ग्यानबाचं.

किशनरावांनी विचारलं, "बंडेप्पा, ह्याला पाणी कोणतं पाजायचं? आपल्या विहिरीचं चालतंय, का माळावरनं नळ टाकू?"

खरं सांगावं तर गिरणी माळावरची विहीर पिऊन टाकणार. बंडेप्पाच्या बायकोची, लिंगम्माची, घागरही तिथंच भरायची. खोटं सांगून जड पाणी घातलं तर बायलरशी गाठ.

"डाळ शिजवून बघू, मालक," तो म्हणाला. "डाळीला जे चालतं, तेच बायलरला चालतंय."

निवाडा आपल्या तोंडून नको, डाळीनं करावा, एवढंच त्याला वाटलं होतं.

गिरणीत पाणी भरायला चंद्रभागाबाई होती, ग्यानबाची आई. तिनं दोन घागरी आणल्या. काळ्या रानातली कोणती ते कळावं म्हणून त्या घागरीच्या गळ्याला काळा दोरा बांधलेला. दोन सारखी मडकी, सारखी डाळ, सारखा जाळ. किशनराव खाट टाकून समोर बसले.

झाकणं काढली, तर काळ्या दोऱ्याच्या पाण्यातली डाळ मेण झालेली! दुसऱ्या मडक्यात दाणे खड्यासारखे टणक.

"बघ की!" किशनरावांनी मांडीवर थाप मारली. "उगंच बदनाम केलाव माझ्या विहिरीला. नळ नको न् काय नको. उद्यापासून आपलंच पाणी वढा."

बंडेप्पानं काळ्या दोऱ्याच्या घागरीतलं उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. माळावरचं गोड पाणी. त्यानं चंद्रभागाबाईकडं पाहिलं. ती पदराचं टोक दातात धरून दुसरीकडंच बघत होती.

विहीर वाचली, असं बंडेप्पाच्या मनात आलं आणि घटकाभर त्याला बरंही वाटलं. मग ग्यानबा ओरडला, "अण्णा, भट्टीची राख काढू का?" तसं ते बरं वाटणं उडून गेलं.

संध्याकाळी तो चंद्रभागाबाईच्या परसात गेला. ती न्हाणीच्या चुलीपुढं बसली होती.

"अक्का, दोरा बदललाव न्हाई?"

"व्हय, बदलला. मग?" ती उसळलीच. "माझी सासू त्या नागाच्या पायरीवर बसून वाटीवाटीनं घागर भरायची. तुझ्या लोखंडी रेड्याला कामून पाजू ते पाणी? त्याला काय चव कळतीय? जड काय न् हलकं काय, त्याचं पोट लोखंडाचं!"

"पोट लोखंडाचंच हाय. म्हणूनच भ्या वाटायलंय."

त्यानं चुलीवरचा रिकामा हंडा तिरपा केला. आंघोळीचं पाणी ती काळ्या रानातूनच आणायची. हंड्याच्या आत पांढरा थर चढला होता. बंडेप्पानं दगडानं ठोकून त्याची खपली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"हे काय हाय, अक्का?"

"पाण्याचा खार. सगळ्याच्याच हंड्याला असतोय."

"ह्याला तुमी घासताव, धोंड्यानं ठोकताव. बायलरच्या पोटात कुणाचा हात जातोय? रोज थर चढणार. मग पाणी लोखंडाला शिवत न्हाई. लोखंड तापून तापून लाल होतंय, मऊ पडतंय, आन् भायेरून काय दिसत न्हाई. आत वाफ दाबून धरलेली. लातूरकडच्या एका गिरणीत म्या बघितलंय. भिंत उडाली होती."

चंद्रभागाबाई खपली बोटांनी चुरत राहिली.

"फुटलं तर कुणीकडं फुटतंय रे?"

"जाळाकडं, अक्का."

तिच्या हातातली खपली चुलीत पडली. जाळाकडं कोण उभा असतो ते तिला सांगायची गरज नव्हती.

सकाळी भट्टी पेटवायच्या आधीच ती माळावरची भरलेली घागर घेऊन गिरणीत आली आणि किशनरावांच्या पायाशी ठेवली. "डाळ शिजली ती ह्या पाण्यात, मालक. दोरा म्या बदलला. काय शिक्षा द्यायची ती द्या."

किशनराव आधी लाल झाले, मग हसले. "बाई मोठी बेरकी हाय! मग आता नळ?"

"टाका नळ. पर नागाची पायरी उघडी पडली की आमी गुरंसुदिक पाजत न्हाई. त्या दिवसापास्नं बायलरबी बंद. तेवढा शबूद द्या."

"दिला," किशनराव म्हणाले. शब्द देताना त्यांची नजर कापसाच्या गाड्यांवर होती, हे बंडेप्पानं पाहिलं.

हंगाम जोरात चालला. विहिरीवर बायका बंडेप्पाला पाहिलं की बोलणं थांबवत. लिंगम्मा घरी येऊन घागर आदळत म्हणायची, "तुमचा रेडा लई पितोय हो." रोज कामावर जाताना तो वाकून पायऱ्या बघायचा. पौषात नागावर हातभर पाणी होतं. माघात त्याचा फणा ओलसर दिसू लागला. आणि होळी अजून लांब असताना एका सकाळी नाग कोरडा ठणठणीत वर आला.

गिरणीच्या आवारात कापसाचा ढीग छपराला टेकला होता.

"मालक, पायरी उघडी पडली," बंडेप्पा म्हणाला.

"बघितली म्या." किशनरावांनी ढिगाकडं हात केला. "एवढं उरकू दे की. बरं, माळावरचं नको तर आपल्या विहिरीचं वढ. चार दिवसांत फुटतोय का बायलर? खरं सांग."

बंडेप्पाला खरंच सांगावं लागलं. "चार दिवसांत न्हाई फुटत."

"मग झालं!"

"पर चार दिवसांनी ढीग संपतोय का, मालक? अजून गाड्या यायल्यात. आन् पुढच्या साली?"

किशनराव उठून उभे राहिले. "बायलर माझा हाय, विहीर गावाची हाय. तू कुणाचा हाइस रं?"

बंडेप्पानं लांब दांड्याचा आकडा उचलला, भट्टीचं दार उघडलं आणि पेटती लाकडं बाहेर ओढायला लागला. ग्यानबानं आईकडं पाहिलं. ती दारात रिकामी घागर घेऊन उभी होती. त्यानं घमेलं भरून राख आणली आणि निखाऱ्यांवर टाकली. वाफ हळूहळू उतरली, पट्टे थांबले. यंत्राच्या आवाजाची एवढी सवय झाली होती की त्या शांततेनं कानाला दडे बसले.

"जा," किशनराव म्हणाले. "गुलबर्ग्याला तुझ्यासारखे लई हायेत."

हे खरं होतं, आणि त्यातल्या कुणाला इथल्या पाण्याची माहिती नव्हती.

रात्री लिंगम्मानं ताटात डाळ वाढली. मऊ शिजलेली, माळावरच्या पाण्यातली. "काम गेलं, जाऊ दे," ती म्हणाली. पुष्कळ दिवसांनी ती गोड बोलली होती. बंडेप्पानं एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

पहाटे तो अंगणात येऊन काळ्या रानाकडं बघत उभा राहिला. शेजारच्या परसातून चंद्रभागाबाईनं विचारलं, "धूर दिसायलाय का रे?"

"अजून न्हाई, अक्का."

"ग्यानबाला बोलावणं आलंय," ती म्हणाली. "नवा माणूस येणार म्हणं आज. पाणी काळ्या रानातलंच." दोघंही गिरणीच्या धुराड्याकडं बघत उभी राहिली.