छपरावर वाजलेलं मशीन

“सासऱ्याच्या घरात आजवर एक खुंटी ठोकली नाही, आणि निघाले गावाची छपरं आवळायला!”

हे आमच्या वहिनीनं भर रस्त्यात, चार माणसांत आणि मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. ज्यांना म्हटलं ते जावईबापू तेव्हा दूधवाल्याच्या गोठ्यावर, तापलेल्या पत्र्यावर उकिडवे बसले होते. वरून पटकन उतरून भांडता येत नाही, आणि वर बसून भांडलं तर माणूस कोंबड्यासारखा दिसतो. म्हणून ते पुढचा स्क्रू चाचपायला लागले. पण त्यांनी ते लक्षात ठेवलं. घरजावयाला दुसरं काम काय असतं?

शहरातली नोकरी सुटली तेव्हा जावईबापू दोन गोष्टी घेऊन सासरी आले होते. एक बायको आणि एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू आवळायचं बॅटरीवरचं मशीन. बायको लगेच कामाला लागली. मशीन मात्र पुष्कळ दिवस खोक्यात आराम करत होतं. रोज सकाळी ते ओट्यावर निघायचं. जावईबापू मऊ फडक्यानं ते पुसायचे, फुंकर घालून जाळीतली नसलेली धूळ उडवायचे, बॅटरी काढून परत बसवायचे, बोटानं चाप दाबून नुसतंच फिरवायचे आणि पुन्हा खोक्यात निजवायचे. त्यांच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं, “जावईबापू, याला काही पाजावं लागतं का?”

मग एका दुपारी वाऱ्यानं दूधवाल्याच्या गोठ्याचे पत्रे उचलून शेजारच्या शेतात नेऊन ठेवले. आमच्याकडे कौलं गेली आणि घरोघर पत्रे आले, त्याला काही फार वर्षं झाली नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये प्रत्येकाची वर्षाची वैरण. गाव घाबरलं. आणि घाबरलेल्या गावाला ओट्यावरचं मशीन दिसलं.

माझ्या घरावर अजून जुनी कौलं आहेत. कौलांना स्क्रू नसतात. त्यामुळे पुढं जे झालं ते मला शिडी धरून, फुकटात बघता आलं.

आता या मशीनची रीत अशी, की स्क्रू सैल असतो तोवर ते मुकाट्यानं घूं करत फिरतं. स्क्रू घट्ट बसत आला की आतला हातोडा ठोके द्यायला लागतो आणि टर्रर्र असा आवाज होतो. पत्र्याच्या स्क्रूच्या बाबतीत तो आवाज म्हणजे, बास, आता बोट उचल. कारण स्क्रूच्या डोक्याखाली रबराची चकती असते. ती पत्र्यावर नुसती टेकून दबली पाहिजे, म्हणजे पाणी अडतं. चिरडली की संपली.

पण आमच्या गावानं तो आवाज ऐकला आणि ठरवलं, की खरं काम आता सुरू झालं.

“थांबलात का?” दूधवाला खालून ओरडला. “आत्ता कुठं वाजायला लागलं होतं!”

“बसला स्क्रू,” जावईबापू म्हणाले.

“बसला म्हणजे? पुन्हा वारा आला तर उठेल ना! वाजवा अजून.”

जावईबापूंनी मशीनवरचं बटण सगळ्यात वरच्या जोरावर नेलं आणि वाजवलं. पत्र्याला खळगा पडला. दूधवाला खूश झाला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला आपल्या शेडखाली कान वर करून उभा. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया, आणि त्याखाली सगळ्या जगाचा संशय. पीठ तोलताना ज्याचं बोट नेहमी काट्यावर असतं, त्याला दुसऱ्याचं बोट कुठं आहे हे लगेच कळतं.

“जावईबापू, दूधवाल्याला जास्त वाजवलंत.”

“सगळ्यांना सारखंच आहे हो.”

“मी ऐकलंय. त्याच्याकडे कसं लांबलचक टर्रर्र. माझ्याकडे आखूड. आम्ही काय परके?”

झालं. मग आवाजाचं माप पडायला लागलं. पहिल्या शेडवर जेवढं वाजलं त्याहून दुसऱ्यावर थोडं जास्त, तिसऱ्यावर त्याहून जास्त. बायका कामं टाकून ऐकत उभ्या राहायच्या. कुणाच्या छपरावर किती वाजलं यावरून कुणाची किंमत किती हे ठरायला लागलं. बॅटरी एवढी तापायची, की ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायचे आणि गिरणीवाल्याची बायको पुठ्ठ्यानं तिला वारा घालायची. नवऱ्याला तापात तिनं कधी घातला नसेल.

मशीनच्या तोंडात बसवायच्या, स्क्रू फिरवणाऱ्या बिटांची टोकं झिजून गोल झाली. अडकलेलं बिट काढायला पुढची कडी नुसती ओढायची असते, हे माहीत नसल्यामुळे एकदा पक्कड, एकदा दगड आणि एकदा दूधवाल्याचे दात लावून झाले. सगळी छपरं आवळून झाली. आमच्या वहिनीचं सोडून.

वहिनीची शेड माझ्या भावानं, तो होता तेव्हा, हातातल्या पान्यानं बसवली होती. हात दुखायला लागला की थांबायचा. आवळणं त्याला कधी फार जमलं नाही, ना स्क्रू ना बायको. आता वहिनीच्या घरात एक दुभती गाय आणि ती वैरण, एवढाच काय तो आधार. वैरण कुजली तर गाय दावणीला ठेवणं शक्य नव्हतं, आणि गाय गेली तर वहिनीला माहेरी, तिच्या भावाच्या दारात जावं लागलं असतं. ते ती मेली तरी करणार नव्हती. म्हणून तोंडानं कितीही आग ओकली तरी आतून तिची झोप उडाली होती.

“भावजी, तुम्ही बोला ना त्यांच्याशी.”

“तू काय बोललीस ते आठवतंय का?”

“खरं तेच बोलले. त्यात राग कसला धरायचा?”

मी गेलो. जावईबापू ओट्यावर मशीन पुसत होते.

“बॅटरी संपलीय,” ते म्हणाले.

“चार्जरवर दिवा तर हिरवा दिसतोय.”

“तो तसाच असतो.”

त्यानंतर ते रोज खोकं हातात हलवत वहिनीच्या दारावरून जायचे. कामाशिवाय. वहिनी दारात उभी राहून गाईला शिव्या द्यायची. गाय बिचारी इकडंतिकडं बघायची.

आणि मग पाऊस आला. ध्यानीमनी नसताना, वाट चुकल्यासारखा आला आणि दिवसभर झोडपत राहिला. दुपारपर्यंत दूधवाल्याच्या शेडमध्ये प्रत्येक स्क्रूखाली धार लागली. खळग्यात पाणी साचायचं, फाटलेल्या चकतीतून आत उतरायचं आणि थेट वैरणीच्या पोटात. गिरणीवाल्यानं घरातली भांडी नेऊन लावली, पण स्क्रू जास्त आणि भांडी कमी. दोन दिवसांत गावभर ओल्या वैरणीचा आंबूस वास सुटला. कुजून आतून तापलेल्या गंजीत हात घातला तर चटका बसायचा.

वहिनीच्या शेडमध्ये थेंब नाही.

उघडीप झाल्यावर जावईबापू दूधवाल्याच्या छपरावर चढले. शिडी धरायला मी होतोच, बघायला मीही वर गेलो. स्क्रूभोवती चिरडलेलं रबर चिकटलं होतं. जावईबापूंनी नखानं ते उचकटलं. चेहरा पडला.

“कुणाला बोलू नका,” ते हळूच म्हणाले.

मी बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती, कारण खाली गावाचं आधीच ठरलं होतं.

“मशीनमध्ये जोर कमी पडला,” दूधवाला म्हणाला.

“मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, आखूड वाजतंय,” गिरणीवाला म्हणाला. “नव्या चकत्या आणा आणि या वेळी नीट वाजवा.”

गर्दीतून वहिनी पुढं आली. “ते सगळं नंतर. आधी माझं छप्पर. मागच्या वेळी मला टाळलंत.”

“अहो, तुमचं छप्पर चांगलं आहे!” जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं. “एक थेंब गळला नाही.”

“पाऊस तिरका होता म्हणून वाचले मी. सरळ आला असता तर? का, गावाला वाजवता आणि विधवेला नाही?”

गाव लगेच वहिनीच्या बाजूनं झालं. वैरण कुजल्याचं दुःख होतंच, पण तिची कुजली नाही याचं जास्त होतं.

जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं. मी शिडीकडे बघितलं. खरं सांगावं, तर गावभरच्या वैरणीचा हिशोब त्यांच्या डोक्यावर बसणार. वर चढून आवळावं, तर गावातलं शेवटचं कोरडं छप्परही गेलं. माणूस फार अडकला की कधीकधी त्याला अक्कल येते. ते म्हणाले, “आलो. बसायला लाकूड घेऊन येतो. पत्रा चेपायला नको.”

आणि सरपणातला एक जाड ओंडका काखेत मारून आले.

ओंडका त्यांनी पत्र्यावर, खालून दिसणार नाही असा आडवा ठेवला. एका स्क्रूजवळ बसले, त्याला बोटानं नुसतं चाचपलं आणि खिशातला आखूड स्क्रू काढून ओंडक्यात घातला. टर्रर्र! अख्खी शेड दणाणली. गाय दावं ताणून उभी राहिली.

“अजून!” खालून वहिनी.

टर्रर्र!

“दूधवाल्याला दिलंत तेवढं तरी!”

टर्ररर्रर्र!

गिरणीवाला दूधवाल्याला म्हणाला, “बघ. याला म्हणतात वाजणं.”

पुढचे दिवस ओंडका घरोघर फिरला. नव्या चकत्या आल्या. जावईबापू बटण सगळ्यात खालच्या जोरावर ठेवून स्क्रू टेकवायचे, चकती दबली की बोट उचलायचे, आणि मग बटण वर नेऊन ओंडक्यात मालकाचं समाधान होईपर्यंत वाजवायचे. माझं काम शिडी धरणं आणि गंभीर चेहरा धरणं. दुसरं काम जड होतं.

पुढचा पाऊस सरळ आला, सपाटून आला. कुठंच थेंब गळला नाही. वहिनी भिजत भिजत रस्त्यावर आली. जावईबापू वळचणीला उभे होते. तिनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. गाय घरात होती, वैरण कोरडी होती, तिला आता कुणाची भीती नव्हती.

“जमलं शेवटी,” ती म्हणाली. “पहिल्याच खेपेला असं वाजवलं असतंत, तर गावाची वैरण कुजली नसती.”

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या.

“चुकलंच माझं,” जावईबापू म्हणाले आणि पागोळ्यांकडे बघत राहिले.